ग्रंथालयाचं कार्ड हरवलं किंवा मुदत संपली? या चुका टाळा

कार्ड हरवल्यावर ‘घरातच असेल, सापडेल’ म्हणून थांबणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बहुतेक ग्रंथालयांचा नियम साधा असतो: हरवल्याची नोंद होईपर्यंत त्या कार्डावर जी पुस्तकं जातील, त्यांची जबाबदारी सभासदाची. म्हणून आधी फोन करून किंवा काउंटरवर जाऊन कार्ड बंद करून घ्या आणि मग निवांत शोधा. बंद केलेलं कार्ड सापडलंच, तर ते पुन्हा चालू होईल का, हे ग्रंथपालांना विचारता येतं.

दुसरी चूक म्हणजे नव्यानं सभासदत्वाचा अर्ज भरणं. पुस्तकं, राखीव रांगेतला तुमचा नंबर, थकलेला दंड हे सगळं तुमच्या खात्यावर नोंदलेलं असतं. कार्ड म्हणजे त्या खात्याकडे नेणारा एक क्रमांक. दुसरं खातं उघडलंत तर रांगेतला नंबर जुन्या खात्यावर अडकतो, दंडही तिथेच राहतो आणि दोन्ही खाती एकत्र करण्याचं काम कर्मचाऱ्यांच्या गळ्यात पडतं. त्यामुळे अर्ज न मागता ‘त्याच खात्यावर बदली कार्ड हवंय’ असं स्पष्ट सांगा.

मुदतीबाबतचा घोळ जास्त होतो. घरबसल्या पुस्तकाची मुदत वाढवली म्हणजे कार्डाचीही वाढली, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. उलट काही ग्रंथालयांत कार्डाची मुदत जवळ आली की पुस्तक परत करायची तारीखच अलीकडे येते. तीन आठवड्यांसाठी मिळणारं पुस्तक आठच दिवसांसाठी मिळालं, तर आधी कार्डाची मुदत पाहा. मुदत ठेवण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे पत्ता ताजा राहावा. म्हणून नूतनीकरणाला जाताना ओळखपत्र आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा आणि फोन नंबर, ईमेलही तपासून घ्या. राखून ठेवलेलं पुस्तक आल्याचा निरोप जुन्या नंबरवर गेला, तर ते पुस्तक पुढच्या वाचकाकडे जातं, आणि कित्येक दिवस वाट पाहिलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. याची फार हळहळ वाटते.

नवं कार्ड मिळाल्यावर ई-पुस्तकांचं ॲप ‘कार्ड अवैध’ म्हणू लागलं तर घाबरू नका. क्रमांक बदललेला असतो, ॲपमध्ये मात्र जुनाच राहिलेला असतो. नवा क्रमांक टाका, पिन तोच आहे का ते विचारा. जुन्या क्रमांकावरची ई-पुस्तकं दिसेनाशी झाली तर दोन्ही क्रमांक घेऊन ग्रंथालयाशी बोला.

क्रमांक टाकूनही चालत नसेल, तर तो कुठून वाचताय ते बघा. अनेक ग्रंथालयांत बारकोड १४ अंकी असतो: सभासदाचा २ ने सुरू होतो, पुस्तकाचा ३ ने. घाईत पुस्तकावरचाच आकडा टाकला जातो. शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे मधला एखादा अंक चुकला तरी यंत्रणा क्रमांक नाकारते. मधे जागा न सोडता, सावकाश टाका.

फोनमधल्या फोटोवर विसंबणाऱ्यांसाठी एक गोष्ट: जुने लेझर स्कॅनर पडद्यावरचा बारकोड बहुधा वाचू शकत नाहीत, पडद्याचा उजेड कितीही वाढवला तरी. शिवाय कार्ड बदललं की तो फोटोही निरुपयोगी. तो लगेच पुसून टाका आणि जुनं कार्ड हाती लागलं, पण ते आता चालणार नसेल, तर बारकोडवरूनच कापून टाका.