स्क्रिप्ट ‘झालं’ म्हणते तेव्हा: घरगुती टूल बनवताना या चुका टाळा

दर दोन-तीन आठवड्यांनी मला एक फोन येतोच. “अरे, काल रात्रीपर्यंत नीट चालत होतं रे.” समोरचा माणूस हुशार असतो. त्याने स्वतःपुरतं काहीतरी बनवलेलं असतं: फोटोंचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी), सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, बँक स्टेटमेंटातून किराणा आणि पेट्रोल वेगळं काढणारी शीट. आणि चूक नेमकी तीच, जी मागच्या फोनवाल्याने केली होती. नवी चूक केलीत तर मी रविवार आनंदाने घालवीन. जुन्या चुकांसाठी यापुढे हेच पाठवणार.

रिकाम्या डिस्कचा बॅकअप

या चुकीवर मी हक्काने बोलतो, कारण ती माझीच आहे.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून मी त्याला दोन बाहेरच्या डिस्क लावल्या होत्या. पहिलीवर घरचे सगळे फोटो, दुसरीवर त्यांची प्रत. रोज रात्री दोन वाजता आरसिंक, म्हणजे एका फोल्डरची दुसरीकडे प्रत करणारा प्रोग्राम, चालायचा. त्याला डिलीटचा पर्याय लावलेला: मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते प्रतीतूनही काढून टाकायचं. दोन्हीकडे सगळं अगदी आरशासारखं. मला त्याचा फार अभिमान होता.

जूनमध्ये एका रात्री वळवाच्या पावसात लाइट गेली, आली, पुन्हा गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगला. पहिली डिस्क मात्र त्या झटक्यात मेली. ती ज्या फोल्डरवर माउंट व्हायची (जोडली जाऊन दिसायची) ते फोल्डर जागेवरच होतं, फक्त रिकामं. दोन वाजता स्क्रिप्ट उठली, मूळ फोल्डर उघडलं, आत काही नाही. मग हुकमाप्रमाणे तिने दुसरी डिस्कही रिकामी केली. वाचताना अडचण आली असती तर आरसिंकने पुसायचं काम आपणहून थांबवलं असतं. पण रिकामं फोल्डर हेही फोल्डरच, त्यात अडचण कसली! लॉगच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदवहीच्या, शेवटी मीच हौसेने लिहिलेली ओळ उमटली होती: “बॅकअप झाला.”

सकाळी पहिली डिस्क मेलेली दिसली तेव्हा मी बायकोला काय म्हणालो असेन? “काळजी करू नको, बॅकअप आहे.”

फोटोरेक नावाचं फुकट साधन आहे, त्याने दुसऱ्या डिस्कवरून बरंच परत काढून दिलं. पण ते फोल्डर आणि नावं परत देत नाही. हाती आल्या ४१ हजार फाईली, प्रत्येकीचं नाव ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा, मध्येच हजारो इवलेसे थंबनेल. कॅमेऱ्याच्या फोटोंत तारीख आतच नोंदलेली असते, त्यामुळे ते लावता आले. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंतली ती माहिती पाठवतानाच गळते, त्यामुळे कोणाचं बारसं कोणत्या वर्षीचं हे बाळाच्या टाळूवरच्या केसांवरून ठरवत बसलो. आठ महिने गेले. एका फोल्डरचं नाव आजही ‘बघायचेत’ आहे.

आता माझी सवय अशी. प्रत्येक डिस्कवर ‘दिवा’ नावाची एक फाईल ठेवतो. स्क्रिप्ट आधी दिवा शोधते. दिसला नाही तर तिथेच थांबून मला मेसेज टाकते. आरसिंकला एका फेरीत जास्तीत जास्त किती फाईली पुसायच्या याची मर्यादा घालता येते. मी ५० घालतो. आणि नवी आज्ञा पहिल्यांदा ड्राय रनवरच चालवतो, म्हणजे ती काय करणार ते नुसतं सांगते, करत नाही. ती यादी मी चहा घेत वाचतो. ज्यांना एवढी चहाची सवड नाही त्यांनी डिलीटचा पर्याय लावूच नये. डिस्क लवकर भरेल, एवढंच.

आरसिंकच्या आज्ञेत मूळ फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघही (/) याच घरातली. ती दिलीत तर आतला माल जातो, नाही दिलीत तर अख्खं फोल्डर जातं. एकदा गफलत झाली की फोल्डरात तेच फोल्डर.

आणि हो, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. गूगल फोटोजमधून फोटो काढलात की तो सगळीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतो, पुढे नाही.

आधी लोगो, मग काम

एका भाच्याने खर्च नोंदवायचं टूल करायला घेतलं. तीन आठवड्यांत लोगो झाला, डार्क मोड झाला, लॉगिन झालं. वापरणारा तो एकटा, मग लॉगिन कोणासाठी? नोंदवलेले खर्च: शून्य. महिनाभर साध्या शीटमध्ये लिहा. त्यात जो त्रास रोज होईल तेवढ्यासाठीच टूल बनवा.

टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये नाही

टर्मिनल म्हणजे आपण हाताने आज्ञा टाइप करतो ती खिडकी; क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी त्याच आज्ञा आपोआप चालवणारा प्रोग्राम. क्रॉन तुमची नेहमीची सेटिंग वाचत नाही. त्याचा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी, अगदी तोकडा असतो, त्यामुळे टर्मिनलवर सहज सापडणारा प्रोग्राम त्याला सापडत नाही. पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, हे तर भल्याभल्यांना माहीत नसतं. फाईलच्या नावात तारीख घालायला ते चिन्ह तसंच वापरलंत की आज्ञा तिथेच तुटते. आधी उलटी तिरकी रेघ द्या. आणि रात्री दोनला लॅपटॉप बंद असेल तर क्रॉन सकाळी उठून राहिलेलं काम करत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन आहे.

यातलं काही बिघडलं तर कळणार कसं? बहुतेक जण म्हणतात, “मेल येईल की.” ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी: बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, म्हणून काम रोज फसत होतं. फसल्याचे मेल सुटत होते, पण ते मेल सर्व्हर परत धाडत होता. त्याच इंजिनिअरने सहाएक तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर सगळे वाचले. कंपनीने हे सगळं स्वतःच उघडपणे लिहिलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

म्हणून मी उलटं करतो. काम नीट झालं की रोज सकाळी फोनवर एक ओळ येते: किती फाईली, किती जीबी. ओळ आली नाही, की बिघडलं. आकडा अचानक निम्मा झाला, तरी बिघडलं.

वकीलकाकांची थकबाकी

सोसायटीसाठी मी एक छोटं टूल केलं होतं. खजिनदार काकू पावत्यांची यादी फोनवर मराठीत टाइप करायच्या. सभासदांची यादी मी लॅपटॉपवर केलेली. ज्याचं नाव पावत्यांत नाही त्याला आठवणीचा मेसेज आपोआप जायचा. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे वकीलकाका तिन्ही पावत्या प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून दारात उभे.

“तू मला थकबाकीदार म्हटलंयस. लेखी. तीन वेळा.”

“काका, काहीतरी गडबड आहे, बघतो.”

“बघ. मीही बघतो.”

दोन्ही याद्यांत त्यांचं नाव होतं, ‘ॲड.’ने सुरू होणारं. शेजारी शेजारी ठेवून, अक्षर मोठं करून पाहिलं, तसूभर फरक नाही. शेवटी अक्षरांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या आकड्याने ओळखतो ते, छापले तेव्हा उजेड पडला. माझ्या यादीत ‘ॲ’ हे एकच अक्षर होतं. काकूंच्या फोनने ‘अ’ काढून त्यावर वेगळा चंद्र ठेवला होता: ‘अॅ’. डोळ्याला एकच, संगणकाला दोन वेगळी माणसं. अखंड ‘ॲ’ युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ मध्ये; जोडून काढायची पद्धत त्याआधीची आणि ती अजून जिवंत आहे. वर युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एक करणं, इथे उपयोगी पडत नाही. तऱ्हा, वाऱ्यातला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिलेला असला तर ते एक करून देतं. ‘ॲ’ला ते हात लावत नाही. ती अदलाबदल आपणच एका ओळीत करायची. मराठी मजकूर शोधणारं, जुळवणारं काहीही बनवत असाल तर ही ओळ आजच घाला. न दिसणारे जोडणारे-तोडणारे वर्णही त्याच झटक्यात झाडून काढा.

पण माझी खरी चूक वेगळीच. माणसं नावाने जुळवायचीच कशाला? फ्लॅट नंबर कशासाठी असतात? काकू पहिल्यापासून पावतीवर फ्लॅट नंबर लिहीत होत्या. मीच तो रकाना वापरला नव्हता, कारण नावाने जुळवणं जास्त ‘स्मार्ट’ वाटलं.

थोडक्यात उरकण्यासारख्या

एक्सेल १५ आकड्यांपुढचं लक्षात ठेवत नाही. १६ आकडी नंबराचा शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. आधी रकाना ‘टेक्स्ट’ करा, मग पेस्ट. मार्च१ नावाच्या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकायचं, म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी शेवटी जनुकांचीच नावं बदलली. तिथे तुमच्या-माझ्या यादीची काय कथा!

फाईलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ हे प्रकार बंद.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) चढवलात आणि पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, पुसलात? तो इतिहासात आहे. पुसत बसू नका, बदला.

टू-फॅक्टर लॉगिनचा, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा, कोड ज्या फोनवर येतो त्याच फोनमध्ये त्याचे बॅकअप कोड ठेवू नका. माझे कागदावर आहेत, रेशनकार्डाच्या पिशवीत.

एआयकडून स्क्रिप्ट जरूर लिहून घ्या, मीही घेतो. पण ज्या ओळीत पुसणं, हलवणं किंवा वर लिहिणं आहे ती ओळ बोट ठेवून वाचा. “एआयने दिलं होतं” असं सांगत आलेला फोन मी आता बायकोकडे देतो.

परत काढून बघत नाही

बॅकअप सगळे घेतात, परत कोणी काढून बघत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रतीतून डोळे मिटून तीन फाईली उचलतो आणि उघडून बघतो. पाच मिनिटांचं काम. गेल्या महिन्यात दोन उघडल्या. तिसरी, २०१४ च्या गणपतीतल्या आरतीचा व्हिडिओ, उघडेना. मूळ डिस्कवर जाऊन बघितलं, तर तिथलीही उघडत नव्हती. कधीपासून, कोण जाणे. इतकी वर्षं रोज रात्री दोन वाजता मी ती बिघडलेली फाईलच जपत होतो.