निवडणुकीआधीच्या अर्थसंकल्पात कर बदलेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

लोकसभेची निवडणूक जवळ आली की माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणारे नोकरदार आणि निवृत्त लोक एकच प्रश्न विचारतात : "यंदा काही सूट मिळणार का हो?" गेली अनेक वर्षे मी हा प्रश्न ऐकतो आहे आणि त्याची चुकलेली उत्तरेही पाहतो आहे. ही उत्तरे बहुधा राजकारण न कळल्यामुळे चुकत नाहीत. कोणता कर कोणत्या मार्गाने बदलता येतो, हे न तपासताच आकडा सांगितला जातो, म्हणून ती चुकतात. घरातले कर्ज, गुंतवणूक आणि जागेचे व्यवहार अशा अंदाजांवर ठरतात, म्हणून या चुका नीट समजून घेणे गरजेचे आहे.

लेखानुदान आणि अंतरिम अर्थसंकल्प एकच समजणे

राज्यघटनेच्या ११६व्या अनुच्छेदानुसार नवे सरकार येईपर्यंतच्या काही महिन्यांच्या खर्चाला संसद जी आगाऊ मंजुरी देते, तिला लेखानुदान म्हणतात. ते केवळ खर्चापुरते असते आणि त्याचा कराच्या दरांशी संबंध नसतो. अंतरिम अर्थसंकल्प म्हणजे मावळत्या सरकारने निवडणुकीआधी मांडलेला तात्पुरता अर्थसंकल्प; त्यासोबत मात्र वित्त विधेयक, म्हणजे करांचे प्रस्ताव असलेले विधेयक, येते आणि त्यात करबदल करायला घटनेची मनाई नाही. मावळत्या सरकारने मोठे बदल करू नयेत हा केवळ संकेत आहे, आणि संकेत कधी पाळला जातो, कधी मोडला जातो. त्यामुळे "अंतरिम आहे, म्हणजे काहीच होणार नाही" हे विधान आणि "निवडणूक आहे, म्हणजे सूट मिळणारच" हे विधान, दोन्ही सारखीच कच्ची आहेत.

मागच्या पाच वेळा काय झाले ते पाहू. २००४ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जसवंतसिंह यांनी अंतरिम अर्थसंकल्पाची वाटच पाहिली नाही. ८ जानेवारीलाच सीमाशुल्काचा कमाल दर २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला गेला. १६ फेब्रुवारी २००९ रोजी प्रणव मुखर्जी यांच्या भाषणात करांना हात लागला नाही आणि अंदाज संपले असे सगळ्यांनी धरले. पण आठच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, लोकसभेतील चर्चेला उत्तर देताना त्यांनी सेवाकर १२ टक्क्यांवरून १० टक्के आणि उत्पादनशुल्क १० टक्क्यांवरून ८ टक्के केले. २०१४ मध्ये पी. चिदंबरम यांनी प्राप्तिकराला स्पर्श केला नाही, परंतु लहान मोटारी, स्कूटर आणि मोटरसायकलींवरील उत्पादनशुल्क १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणले. २०१९ मध्ये पीयूष गोयल यांनी थेट प्राप्तिकरातच सवलत दिली. त्या अनुभवाच्या भरवशावर १ फेब्रुवारी २०२४ रोजी अनेकांनी मोठी अपेक्षा ठेवली, आणि निर्मला सीतारामन यांनी दर व टप्पे होते तसेच ठेवले. जुन्या, छोट्या रकमांच्या थकीत करमागण्या मागे घेण्यापलीकडे नोकरदाराच्या हाती काही आले नाही.

या यादीत एक धागा दिसतो. अप्रत्यक्ष कर (सीमाशुल्क, उत्पादनशुल्क यांसारखे) सरकारी अधिसूचनेने उतरवता येत असल्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर सरकारचा हात आधी तिकडे जातो. प्राप्तिकराचा दर बदलायचा तर कायदा बदलावा लागतो, म्हणून ते क्वचित घडते. अंदाज बांधताना पहिला प्रश्न "निवडणूक कधी?" हा नसावा, तर "हा कर कोण, कोणत्या कागदाने बदलू शकतो?" हा असावा.

मथळ्यातला आकडा खरा धरणे

ही चूक सर्वाधिक लोक करतात आणि तिच्यात नुकसानही सर्वाधिक होते, म्हणून येथे थोडे थांबतो.

२०१९च्या निवडणुकीपूर्वीचा शेवटचा पूर्ण अर्थसंकल्प १ फेब्रुवारी २०१८ रोजी आला. नोकरदारांना ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) मिळणार, हा त्या दिवशीचा मथळा होता. मात्र त्याच भाषणात १९,२०० रुपयांचा प्रवासभत्ता आणि १५,००० रुपयांची वैद्यकीय प्रतिपूर्ती यांवरची करमाफी गेली. या दोन्हींची बेरीज ३४,२०० होते, म्हणजे दोन्हींचा लाभ घेणाऱ्याला प्रत्यक्षात मिळाले ५,८०० रुपये, तेही वजावट म्हणून, म्हणजे करातून नव्हे तर करपात्र उत्पन्नातून वजा होणारे. सोबत उपकर (करावरचा कर, म्हणजे सेस) ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाला. ज्याचे करपात्र उत्पन्न १० लाख होते, त्याचा कर पूर्वी उपकरासह १,१५,८७५ रुपये होत होता. बदलांनंतर तो १,१५,७९४ रुपये झाला. वर्षाची बचत ८१ रुपये! निवृत्तिवेतनधारकांना हे भत्ते मुळातच मिळत नसल्याने त्यांना मात्र ४०,००० रुपयांचा पूर्ण लाभ झाला. एकाच घोषणेचा अर्थ दोन घरांत इतका वेगळा असू शकतो. शिवाय त्याच अर्थसंकल्पात शेअरवरील एक लाखापलीकडच्या दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के कर परत आला. निवडणुकीआधी सरकार फक्त देते, घेत नाही, हा समज त्या एका दिवसाने खोटा ठरवला.

दुसरे उदाहरण २०१९चे. "पाच लाखांपर्यंत कर नाही" हे ऐकून करमुक्त मर्यादाच पाच लाख झाली, असे कित्येकांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात मर्यादा अडीच लाखच राहिली होती आणि कलम ८७अ खालील सूट, म्हणजे आलेल्या करातून वजा होणारी रक्कम, १२,५०० रुपयांपर्यंत वाढली होती. करपात्र उत्पन्न बरोबर ५,००,००० असेल तर कर शून्य होत होता. ५,१०,००० झाले की सूट पूर्ण जात होती आणि उपकरासह १५,०८० रुपये भरावे लागत होते. दहा हजारांच्या जादा उत्पन्नावर पंधरा हजारांचा कर लागतो हे जेव्हा मी कागदावर मांडून दाखवत असे, तेव्हा समोरचा माणूस पुन्हा एकदा बेरीज करायला सांगत असे. म्हणून कोणताही अंदाज वाचताना मर्यादा, सूट आणि वजावट हे तीन शब्द वेगळे ओळखावेत आणि आपल्या स्वतःच्या वेतनपत्रकावर हिशेब करून पाहावा.

फक्त अर्थसंकल्पाच्या दिवसाकडे डोळे लावून बसणे

वस्तू व सेवा कराचे दर अर्थसंकल्पात ठरत नाहीत. ते जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात; परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन असते, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. गुजरातची निवडणूक तोंडावर असताना नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत पावणेदोनशेहून अधिक वस्तू २८ टक्क्यांच्या टप्प्यातून १८ टक्क्यांवर आल्या. ज्यांनी फेब्रुवारीची वाट पाहिली, त्यांच्या हिशेबात ही गोष्ट कुठेच नव्हती.

कंपनी कराचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत, जीएसटी परिषदेच्या बैठकीपूर्वी, अर्थमंत्र्यांनी अध्यादेशाद्वारे कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. अर्थसंकल्प होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असे मी म्हणणार नाही. तारखा लागून आल्या की कारण सापडले असे मानणे ही अंदाज बांधणाऱ्यांची आणखी एक सवय आहे.

राज्याचे कर विसरणे

पेट्रोल-डिझेलवरील मूल्यवर्धित कर, मुद्रांक शुल्क आणि मोटार वाहन कर राज्याच्या हातात असतात. २८ जून २०२४ रोजी अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील डिझेलवरचा कर २४ टक्क्यांवरून २१ टक्के आणि पेट्रोलवरचा २६ टक्क्यांवरून २५ टक्के झाला. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि १० मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात सीएनजी व एलपीजीवर चालणाऱ्या खासगी चारचाकींचा कर एक टक्क्याने वाढवण्याचा प्रस्ताव आला.

यावरून "आधी देतात, नंतर वसूल करतात" असा नियम काढण्याचा मोह होतो. जुलै २०१९ मध्ये दोन कोटींवरील उत्पन्नाच्या करावरचा अधिभार (सरचार्ज) वाढला, हेही त्या नियमात बसते. पण जुलै २०१४ मध्ये निवडणूक संपल्यावर करमुक्त मर्यादा दोन लाखांवरून अडीच लाख आणि कलम ८०कची (८० सी) वजावट एक लाखावरून दीड लाख झाली, आणि जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचे सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर उतरले. शुल्क वाढेल या भीतीने आधीच सोने घेऊन ठेवणाऱ्यांना त्याचा फटका बसला.

भाषण म्हणजे कायदा समजून व्यवहार करणे

२३ जुलै २०२४ रोजी जागेच्या विक्रीवरील दीर्घकालीन नफ्याचा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला, पण महागाई निर्देशांकानुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सोय काढून घेतली गेली. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने २०१०-११ मध्ये २० लाखांना घेतलेली सदनिका ५० लाखांना विकायचे ठरवले होते आणि विसारही घेतला होता. जुन्या पद्धतीने कर सुमारे १ लाख ३० हजार रुपये होत होता, नव्या पद्धतीने तो ३ लाख ७५ हजार झाला. त्या घाबरल्या, आठवड्याच्या आत विसार परत केला आणि व्यवहार मोडला. मी त्यांना थांबा असे पुरेशा आग्रहाने सांगितले नाही, याची रुखरुख मला अजून आहे. ७ ऑगस्टला लोकसभेने वित्त विधेयक मंजूर केले तेव्हा त्यात दुरुस्ती झाली होती : २३ जुलैपूर्वी घेतलेल्या जमिनी आणि इमारतींसाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दोन्ही पद्धतींपैकी कमी कराची पद्धत निवडता येणार होती. तोपर्यंत खरेदीदाराने दुसऱ्या इमारतीत घर घेतले होते.