शाब्दिक उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

नववी-दहावीच्या मुलांना रेषीय समीकरणे सोडवता येत नाहीत, हे मला मान्य नाही. तयार समीकरणे फळ्यावर मांडून दिली, तर यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावची बहुतेक मुले ती बिनचूक सोडवतात. घोळ होतो तो त्याआधी, वाक्यावरून समीकरण मांडताना, आणि दरवर्षी तोच होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘समजा, क्ष = कापूस’ असे लिहिणे. कापूस ही वस्तू आहे, क्ष ही संख्या. एका विद्यार्थ्याला मी असे उदाहरण दिले होते: शेतकऱ्याने कापूस आणि सोयाबीन मिळून २० क्विंटल माल विकला, कापसाला क्विंटलमागे ७,००० रुपये आणि सोयाबीनला ४,५०० रुपये भाव मिळून एकूण १,२०,००० रुपये आले, तर कोणता माल किती होता? त्याने क्ष म्हणजे कापूस, य म्हणजे सोयाबीन असे धरून क्ष + य = २० हे पहिले समीकरण मांडले आणि ते योग्यच होते. दुसऱ्या ओळीत मात्र त्याचा कापूस क्विंटलमधून रुपयांत गेला आणि त्याने क्ष + य = १,२०,००० असे लिहिले. वजाबाकी केल्यावर ० = १,१९,९८० उरले, तरी तो थांबला नाही; ‘म्हणून शेतकऱ्याकडे माल नव्हता’ असे उत्तर लिहून, त्याखाली दोन रेघा मारून त्याने वही माझ्यापुढे ठेवली. हाच मुलगा वडिलांसोबत बाजार समितीत गेला, की अडत्याच्या पावतीतील चूक उभ्या उभ्या दाखवतो.

‘समजा, विकलेला कापूस क्ष क्विंटल आहे’ असे पूर्ण वाक्य, एककासह, वहीत उतरल्याशिवाय मी पुढची ओळ लिहू देत नाही. ते वाक्य असले की कापसाचे पैसे ७,०००क्ष होतात हे निराळे सांगावे लागत नाही; ७,०००क्ष + ४,५००य = १,२०,००० हे समीकरण आपोआप मिळते आणि कापूस १२ व सोयाबीन ८ क्विंटल येते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे वापरली. त्यांच्या गणितात कोणी रंग विकत नव्हते.

दुसरी चूक शिकवणीतल्या युक्त्यांनी पोसलेली आहे. ‘पट’ दिसले की गुणा, ‘जास्त’ दिसले की मिळवा, असे पाठ करून आलेला मुलगा ‘कापसाखालील जमीन तुरीखालील जमिनीच्या तिप्पट आहे’ हे वाचून ३ हा अंक कापसाच्या क्ष शेजारी ठेवतो आणि ३क्ष = य लिहून मोकळा होतो. या समीकरणाप्रमाणे कापूस २ एकर असल्यास तूर ६ एकर येते, म्हणजे सारेच उलटे. साधे आकडे घालून पाहायला अर्धा मिनिट पुरतो, पण घाई झालेल्यांना तोही जड वाटतो. खरे समीकरण क्ष = ३य असे आहे.

वेचणीची मजुरी किलोवर आणि विक्री क्विंटलवर असते. समीकरण मांडण्यापूर्वीच एकक एक करून घ्यावे. वयाच्या उदाहरणात ‘पाच वर्षांपूर्वी’ म्हटले की दोघांच्याही वयातून पाच वजा होतात, फक्त बापाच्या नव्हे.

समीकरणांतील सहगुणकांवरून थेट उत्तर काढणारी क्रेमरची पद्धत मला आवडते, परंतु मांडणी न जमणाऱ्याने तिच्यामागे लागू नये. चुकीच्या समीकरणांनाही ती तितक्याच सफाईने उत्तर देते. म्हणून ताळाही समीकरणात घेऊन उपयोग नाही, तो मूळ वाक्यात घ्यावा: १२ क्विंटलचे ८४,०००, ८ क्विंटलचे ३६,०००, बेरीज १,२०,०००. जमीन साडेसात एकर आली तर हरकत नाही, पण मजूर साडेसात आले, की उत्तर खोडण्याऐवजी उदाहरणाचे पहिले वाक्य पुन्हा वाचावे.