ज्युनियर संघांची यादी बाराव्या गड्यापासून

शाळेच्या क्रिकेट संघांची तयारी करताना बहुतेक जण यादी वरून सुरू करतात: कॅप्टन कोण, ओपनर कोण, नवा चेंडू कोणाकडे. मी हल्ली खालून सुरू करतो. आमचे तीन संघ असतात, १२, १४ आणि १६ वर्षांखालचे. प्रत्येक संघात एक मूल असं असतं की ज्याचं नाव कागदावर शेवटी, स्वतःचं किट नाही आणि मागायला तोंड उघडत नाही. त्याची सोय झाली की बाकीच्यांची झालीच म्हणून समजा. कॅप्टनला काय हवं ते तो स्वतःच येऊन, दोनदा सांगून जातो.

पहिलं काम कागदांचं. कंटाळवाणं आहे, पण ते उरकल्याशिवाय किटबॅग उघडू नका. प्रत्येकाच्या जन्मतारखेचा दाखला आणि स्पर्धेची कट-ऑफ तारीख शेजारी शेजारी ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. ‘तो सातवीत आहे म्हणजे बसेल’ या हिशोबावर मी एकदा मॅचच्या सकाळी चांगला ऑफस्पिनर बाहेर बसवलाय. त्याच कागदावर घरचे दोन फोन नंबर, दमा आहे का, इनहेलर कुठल्या खिशात असतो, चष्मा लागतो का. चष्म्याचं आवर्जून विचारा. ज्याला कॅच दिसत नाही त्याला आपण महिनाभर ‘हात कच्चे आहेत’ म्हणत बसतो.

मग किटबॅग जमिनीवर उलटी करा. मोजायचं असं नाही, प्रत्येक वस्तू मुलाच्या अंगावर घालून बघायची. पॅडचे पट्टे लावून मुलाला तीन धावा पळायला लावा. पट्टा सुटतो की गुडघा पॅडच्या बाहेर येतो, ते तिसऱ्या धावेला कळतं. सेंटर गार्ड, म्हणजे जांघेचा कठीण गार्ड, ज्याचा त्याचा असावा, निदान इनर तरी. हेल्मेटकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजला मानेजवळ चेंडू लागला आणि तो गेला, त्यानंतर मागे मानेचा गार्ड लावायची पद्धत रुळली. मुलांच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट सुटते. मुलांचा चेंडू आकाराने लहान असतो, त्यामुळे मोठ्यांच्या हेल्मेटची जाळी आणि पुढची कड यांच्यातल्या फटीतून तो आत शिरू शकतो. हेल्मेटसाठीच्या बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकात मोठ्यांच्या आणि ज्युनियर चेंडूची चाचणी म्हणूनच वेगळी आहे. आतलं लेबल वाचा, जाळीचे स्क्रू आवळा आणि ज्या हेल्मेटवर एकदा जोरात चेंडू बसलाय ते वरून धड दिसलं तरी बाद करा.

आता डावखुऱ्यांचं. बॅटिंग ग्लोव्हजमध्ये डावा-उजवा फरक असतो, कारण दांड्यावर खाली असलेल्या हाताच्या अंगठ्याला जास्त संरक्षण लागतं. थायगार्डचंही तसंच, तो पुढच्या पायाला. शाळेच्या किटबॅगेत मात्र सगळं उजव्यांचं. आमच्याकडे एक अकरा वर्षांचा मुलगा तीन आठवडे नेट्समध्ये उजव्या हाताने खेळत होता. पाय हलत नव्हता, बॅट उशिरा यायची, मी वहीत ‘टायमिंग नाही’ असं लिहून ठेवलं होतं. एका संध्याकाळी किट आवरून झाल्यावर तो मोकळ्या हातांनी, नुसत्या स्टंपने, भिंतीवर टेनिस बॉल मारत उभा होता. डाव्या हाताने. चेंडू दर वेळी भिंतीच्या त्याच विटेवर. विचारलं तर म्हणाला, ‘सर, ग्लोव्हज उजवेच आहेत ना.’ वहीतलं ते पान मी अजून फाडलेलं नाही. तेव्हापासून यादीत डावखुऱ्या ग्लोव्हजच्या दोन जोड्या, एक लहान, एक मध्यम.

बॅटबद्दल थोडक्यात. मोठ्या भावाची बॅट ही ज्युनियर क्रिकेटची जुनी व्याधी. मुलाला वरच्या एकाच हाताने बॅट आडवी धरून उभं राहायला सांगा. काही सेकंदांत मनगट लोंबकळलं तर ती बॅट घरी जाईल. नव्या बॅटला कच्चं जवसाचं तेल हलक्या हाताने, दांडा जिथे बसवलाय तो जोड सोडून, आणि मग मोगरीने ठोकणं. हे तासन्‌तास चालणारं काम आहे, आदल्या रात्री उरकत नाही.

चेंडू मागवताना वजन वाचा. मोठ्या पुरुषांच्या क्रिकेटमध्ये चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, १३ वर्षांखालच्यांसाठी नियमात १३३ ते १४४ ग्रॅम. फरक किरकोळ वाटतो, पण लहान पंजाला शिवण पकडता येते की नाही ते त्यावर ठरतं. जड चेंडूने फेकी थिटी पडते, मग मुलं खांद्यातून झटका देतात, आणि दुखण्याची सुरुवात तिथून.

दुखण्यावरून वेगवान गोलंदाजांची वही. ही वही नसेल तर सीझन सुरू करू नका, इतकं माझं ठाम मत आहे. वाढत्या वयात पाठीच्या खालच्या मणक्यांचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. वेगवान गोलंदाजी करताना पाठ एकाच वेळी मागे वाकते, कलते आणि पिळली जाते. हे फार वेळा झालं की हाडाला बारीक तडा जातो, आणि तो बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. इंग्लंडच्या बोर्डाने मुलांसाठी घालून दिलेल्या आणि बरीच वर्षं वापरात राहिलेल्या मर्यादा मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवल्या आहेत: १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग टाकायच्या हप्त्यात, ५ षटकं आणि दिवसात १०, १४ आणि १५ वर्षांच्यांना ६ आणि १२. नेट्समधले चेंडूही मोजायचे. क्लबचे वेगळे, शाळेचे वेगळे असं मणक्याला कळत नाही. ज्याची उंची दोन महिन्यांत झपाट्याने वाढली त्याचा आकडा कमी करा, आणि ‘सर, थोडं आखडलंय’ हे ऐकल्यावर त्या दिवशी त्याच्या हातात चेंडू देऊ नका. सेमीफायनल असली तरी.

मैदानाचं काम आदल्या संध्याकाळी. फक्की, दोरी, टेप. स्टंपच्या रेषेपासून पॉपिंग क्रीज, म्हणजे फलंदाजाची रेषा, १.२२ मीटर पुढे. हे पावलांनी मोजणारे लोक असतात, त्यांना टेप धरायला लावा. मॅटिंग असेल तर खिळे आणि हातोडी, मॅट ताणून बसली का ते अनवाणी चालून बघा. स्टंपवर ठेवायच्या जास्तीच्या बेल्सची एक जोडी अंपायरला आणि एक स्वतःच्या खिशात. पाणी, प्रथमोपचार, बर्फ. आभाळ गडगडलं तर सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पाऊल नाही. हे मॅचआधीच दोन्ही संघांना सांगून टाकावं म्हणजे वेळेवर हुज्जत होत नाही.

स्कोअररची निवड आपण शेवटी करतो, जो खेळत नाही तो बसेल म्हणून. तसं करू नका. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेच्या हाउस मॅचमध्ये, म्हणजे शाळेतल्याच गटांच्या सामन्यात, ए. ई. जे. कॉलिन्स या १३ वर्षांच्या मुलाने नाबाद ६२८ केल्या. एका डावातल्या सर्वाधिक धावांचा तो विक्रम २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेच्या नाबाद १००९ धावांनी मोडेपर्यंत टिकला. पण त्या ६२८ बद्दल खुद्द स्कोअररच वीसेक धावा इकडेतिकडे असतील म्हणाला, असं सांगतात. आपल्याकडे सहाशे होणार नाहीत, पण २३ चे २१ झाले तरी त्या मुलाच्या घरी आठवडाभर तोच विषय असतो. म्हणून दोन स्कोअरर, दोन वह्या, दर षटकाला जुळवणी. वाइड आणि नोबॉलच्या खुणा सीझनआधीच एका सराव सामन्यात हातात बसवून घ्या.

नाणेफेक खेळ सुरू होण्याआधी ३० ते १५ मिनिटांच्या दरम्यान, आणि त्याआधी अकरा नावं लेखी द्यावी लागतात. एकदा दिली की समोरच्या कॅप्टनच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. ही यादी मी शाईने लिहितो, शेवटच्या नावापासून वर. बारावा गडी आधी, त्याच्यापुढे कंसात एक तारीख: तो अकरात कधी खेळणार ती. ती तारीख त्याला सीझनच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलेली असते. गेल्या सीझनला त्या तारखेला पाऊस पडला. मी पुढची तारीख लिहायच्या आत त्याने स्वतःच येऊन विचारलं, तोंड उघडून, पहिल्यांदाच.