कामासाठी मुंबईला जाऊन त्याच दिवशी परतायचे असेल तर

पुण्याहून किंवा नाशिकहून मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला किती खर्च आला असे विचारले, तर तो बहुधा गाडीभाडे सांगतो. वास्तविक एवढ्या लांबच्या प्रवासाच्या मानाने रेल्वेचे भाडे फारच थोडे आहे. पैसा आणि जीव खरा खर्ची पडतो तो दादर, ठाणे किंवा वाशी आल्यानंतरच्या शेवटच्या आठ-दहा किलोमीटरांत, आणि काम लांबल्यामुळे ठरलेली गाडी चुकली म्हणजे. म्हणून या प्रवासाचा आराखडा शेवटाकडून मांडावा. ज्या दारात आपल्याला उभे राहायचे आहे ते दार कोणत्या स्थानकाजवळ आहे आणि किती वाजता उघडते, हे आधी पक्के करावे आणि मग तिकिटाकडे वळावे. पुढील मजकूर मुख्यतः पुण्याहून जाणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. नाशिककरांना त्यातील मुंबईतला भाग जसाच्या तसा लागू पडेल.

आधी कामाची वेळ, मग गाडी

मंत्रालयाचे उदाहरण घेऊ. तेथे सर्वसामान्य अभ्यागतांना दुपारी २ नंतर प्रवेश मिळतो आणि प्रवेशपत्रासाठी आता ‘डिजिप्रवेश’ या अ‍ॅपवर आधी नोंदणी करावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे पहाटे उठून सिंहगड एक्स्प्रेस पकडणारे आणि मग चार तास नरिमन पॉइंटच्या फुटपाथवर काढणारे लोक आजही दिसतात. त्यांचे सकाळचे हाल तर व्यर्थ जातातच, शिवाय चहा-नाश्ता आणि जेवण यांवर तिकिटापेक्षा अधिक पैसे जातात. अशा कामासाठी सकाळी उशिराची बस किंवा गाडी पुरते. मात्र परतीची तजवीज वेगळी करावी लागते. मुंबईहून पुण्याकडे येणारी डेक्कन क्वीन संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि दोनला आत गेलेला माणूस चारपर्यंत बाहेर पडेलच, याची खात्री मंत्रालयातला शिपाईसुद्धा देणार नाही.

रुग्णालयाचे गणित नेमके उलटे असते. नव्या रुग्णाची नोंदणी सकाळी लवकर होते, त्यानंतर तपासण्यांच्या रांगा लागतात आणि बरेचदा दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले जाते. अशा कामाला एकाच दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. आदल्या संध्याकाळी पोहोचून मुक्काम करणे हे एकूण हिशेबात स्वस्त पडते. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : वकिलातीत मोबाइल आणि बॅग नेता येत नाही, त्यामुळे बरोबर एखादा माणूस असावा किंवा सामान आधीच कोठे तरी ठेवून मोकळ्या हाताने जावे.

पुणे ते मुंबई

डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७ वाजून १५ मिनिटांनी निघते आणि दहाच्या सुमारास दादरला येते. सिंहगड त्याच्या आधी, सहानंतर थोड्याच वेळात निघते. नाशिककरांची पंचवटी सातच्या सुमारास नाशिक रोडला असते. वेळापत्रकात मिनिटांचे फेरफार होत असतात, म्हणून आदल्या दिवशी एकदा खातरजमा करावी. दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित आसनाला पुण्याहून शंभर ते सव्वाशे रुपये आणि वातानुकूलित चेअर कारला चारशेच्या आसपास पडतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. सोमवारी सकाळी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या आगेमागे जागा मिळत नाही, हे गृहीतच धरावे. तत्काळचे तिकीट आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता सुरू होते. ते ऑनलाइन काढायचे तर जुलै २०२५ पासून खात्याला आधारची पडताळणी जोडलेली असावी लागते. ती तिकीट काढण्याच्या दिवशी करू नये, चार दिवस आधी करून ठेवावी.

येथे दोन चुका हमखास होतात. प्रतीक्षायादीतले ऑनलाइन तिकीट तक्ता लागल्यावर आपोआप रद्द होते, पैसे परत येतात, आणि त्या तिकिटावर गाडीत चढणारा प्रवासी विनातिकीट ठरतो. दुसरे असे, की या गाड्यांतले काही डबे पासधारकांसाठी राखीव असतात. तेथे रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. तिचा धनी शिवाजीनगरला, चिंचवडला किंवा लोणावळ्याला चढतो, आणि वर्षानुवर्षे त्याच खिडकीशी बसत असल्यामुळे तो आपल्याला फार प्रेमाने उठवत नाही.

एस. टी.च्या बाबतीत सवलतींचा विचार आवर्जून करावा. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती अद्याप पूर्ववत केलेली नाही; उलट एस. टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींना प्रवास विनामूल्य आहे. वयाचा पुरावा मात्र हाताशी हवा. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला यामुळे बस रेल्वेपेक्षाही स्वस्त पडू शकते. शिवाय बस वाशी, चेंबूर येथे थांबत असल्याने त्या बाजूचे काम असेल तर दादरच्या गर्दीत शिरण्याचे कारणच उरत नाही. बोरिवलीकडे जाणाऱ्यांनी थेट बोरिवलीची बस आहे का ते आधी पाहावे.

दादर आणि त्यापुढे

बाहेरगावच्या माणसाला मुंबई अवघड वाटते ती येथे. पहिला नियम असा, की सवयीने दादरला उतरू नये. काम फोर्ट, मंत्रालय, उच्च न्यायालय किंवा चर्चगेट परिसरात असेल, तर बसल्या जागी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावे. दादरला उतरून सकाळी दहाच्या फास्ट लोकलमध्ये बॅगेसह शिरणे हा धडधाकट माणसानेही टाळावा असा प्रकार आहे. टर्मिनसवरून भुयारी मेट्रो-३ आता कफ परेडपर्यंत जाते. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही पूर्ण मार्गिका सुरू आहे. टर्मिनसनंतर हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन अशी स्थानके येतात. विधान भवनला उतरले की मंत्रालय चालत गाठता येते आणि तिकीट दहा-वीस रुपयांत येते. भुयारात मोबाइलला सिग्नल मिळेलच असे धरून चालू नये. तिकीट आणि पत्त्याचा नकाशा वर असतानाच उघडून ठेवावा.

दादरला उतरणे भागच असेल, तर फलाटांचे क्रमांक लक्षात घ्यावेत. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. जुन्या आठवणीने ‘मध्य रेल्वेचा एक नंबर’ शोधणारा माणूस पुलावर हेलपाटे घालत बसतो. परळसाठी स्लो लोकलच पकडावी, कारण फास्ट तेथे थांबत नाही. टाटा रुग्णालयाकडे रुग्णाला नेत असाल तर लोकलचा विचार सोडून दादर पूर्वेला टॅक्सी करावी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे आणि अंतर इतके कमी आहे, की चार पैसे वाचवण्यासाठी रुग्णाला जिना चढायला लावणे शहाणपणाचे नाही. प्रभादेवीच्या बाजूने वाहनाने परळला येण्याचा मात्र बेत करू नये. तेथला एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यापासून गाड्यांना वळसा पडतो.

वांद्रे-कुर्ला संकुलासाठी दादरहून कुर्ल्याकडे जाणारी लोकल सकाळी उलट दिशेची असल्याने तुलनेने मोकळी असते. कुर्ला पश्चिमेला बस आणि शेअर रिक्षा मिळतात. अंधेरीकडे जायचे असेल आणि आपली गाडी ठाण्याला थांबत असेल, तर तेथून घाटकोपर आणि घाटकोपरहून मेट्रो-१ हा मार्ग दादरमार्गे जाण्यापेक्षा सोयीचा आहे, जरी घाटकोपरच्या पुलावरची सकाळची रांग पाहून क्षणभर तसे वाटणार नाही. रिक्षा फक्त उपनगरांतच चालतात. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा मिळत नाही, म्हणून दादरला उतरून रिक्षा शोधू नये. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये दुप्पट झाले तरी ते अजून साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपयेच आहे, आणि हातात वेळ असेल तर बससारखे सुखाचे वाहन नाही.

लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये आहे. विनातिकीट सापडल्यास त्याच प्रवासाला किमान २५० रुपये दंड आणि वर भाडे भरावे लागते. मोबाइलवरचे तिकीट स्थानकाच्या आवारात किंवा रुळांलगत असताना निघत नाही, ही गोष्ट नवख्यांना फलाटावर पोहोचल्यावर कळते. त्यामुळे अशा वेळी तिकीटखिडकीचा किंवा यंत्राचाच आधार घ्यावा लागतो.

गर्दीच्या लोकलमध्ये उतरण्याची तयारी चढल्याबरोबर सुरू करावी लागते. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी आणि कागदपत्रांची पिशवी चेनच्या आत ठेवावी. आपले स्थानक येण्याच्या दोन स्थानके आधीच पुढच्या माणसाच्या खांद्याला हलकेच स्पर्श करून ‘परळ?’ एवढेच विचारावे. तो उतरणार असेल तर मान हलवतो आणि आपण त्याच्या मागे उभे राहायचे. उतरणार नसेल तर तो अंग चोरून आपल्याला पुढे सरकू देतो. यात उद्धटपणा नाही. तेथील रीतच तशी आहे. लाजून गप्प राहिलेला पाहुणा मात्र पुढच्या स्थानकावर उतरतो.

मोटार केव्हा परवडते

चौघे मिळून जात असतील आणि कामे दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असतील, तरच. पुण्याहून दक्षिण मुंबई जाऊन येऊन ३०० किलोमीटर धरले आणि मोटार लिटरला १५ किलोमीटर चालते असे मानले, तर २० लिटर पेट्रोलचे दोन हजारांहून थोडे अधिक होतात. द्रुतगती मार्गाचा मोटारीचा टोल एप्रिल २०२३ च्या दरवाढीनुसार एका फेरीला ३२०, म्हणजे दोन्ही वेळचा ६४०. अटल सेतूने जायचे तर एका बाजूचे २५०, जाऊन-येऊन काढल्यास ३७५. बेरीज तीन हजारांच्या पुढे जाते आणि त्यात वाहनतळाचे पैसे नाहीत. एकट्याचा रेल्वेने जाण्या-येण्याचा, मुंबईतल्या फिरण्याचा आणि जेवणाचा खर्च पाच-सहाशेत बसतो. एक दिलासा असा, की ऑक्टोबर २०२४ पासून वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर या पाच नाक्यांवर मोटारींना मुंबई प्रवेशाचा टोल माफ आहे.

द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाट भागात ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे, व ती मोडणाऱ्यांना कॅमेरे टिपतात. घाटात वेग आवरला नाही तर काही दिवसांनी येणारे ई-चलन वरच्या बेरजेत धरावे लागेल. मोटार शहरात खोलवर नेण्यापेक्षा वाशी किंवा पनवेल स्थानकाच्या वाहनतळात ठेवून पुढे हार्बर लोकलने जाणे, हा माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग आहे. नाशिककरांसाठी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट टळला. तथापि आमण्यानंतर भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे, म्हणून वाचलेला वेळ पुढच्या भेटीसाठी उधळू नये.

परतीचे आणि मुक्कामाचे

संध्याकाळी पुण्याकडे डेक्कन क्वीननंतर सहाच्या आत सिंहगड निघते. त्यानंतर रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या किंवा दादरहून सुटणारी एस. टी.ची शिवनेरी बस एवढाच आधार राहतो. काम किती वेळ चालेल याचा अंदाज नसेल तर परतीचे आरक्षण न करता शिवनेरीवर भिस्त ठेवावी. शुक्रवारी संध्याकाळी मात्र हा सल्ला लागू नाही, कारण त्या दिवशी अर्धी मुंबई पुण्याच्या आणि लोणावळ्याच्या दिशेने निघालेली असते. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. विवाह-समारंभाला जाणाऱ्यांनी त्याची घोषणा शनिवारी पाहून ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये कर्जत-लोणावळा घाटात दरड कोसळली किंवा कुर्ला-शीव भागात पाणी भरले की गाड्या रद्द होतात, म्हणून त्या दोन महिन्यांत महत्त्वाच्या तारखेला आदल्या दिवशीच पोहोचणे बरे.

कर्करुग्णाला उपचारासाठी नेताना रेल्वेच्या सवलतीचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात डॉक्टरांकडून घ्यावे. स्लीपर आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत रुग्णाला पूर्ण, तर दुसऱ्या वर्गात आणि चेअर कारमध्ये ७५ टक्के सवलत आहे. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन या ठिकाणी चौकशी करावी, आणि अशा ठिकाणी रुग्णालयाचे पत्र मागितले जाते हे ध्यानात घेऊन पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागातून ते मिळवावे. जागा भरलेली असल्यास नाव प्रतीक्षेत नोंदवून, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन पुन्हा विचारावे. फोनवरच्या चौकशीपेक्षा समोर उभ्या राहिलेल्या नातेवाइकाला तेथे लवकर उत्तर मिळते.