विद्यार्थ्यांकडून शैक्षणिक व्हिडिओ करून घेताना : वर्गातील नियोजन कसे करावे

वर्गात व्हिडिओ करायचे ठरले की मुलांचे लक्ष आधी मोबाइलकडे जाते. शिक्षकांनी ते वेळीच एखाद्या प्रश्नाकडे वळवले नाही, तर हाती येते ते बहुधा कॅमेऱ्यासमोर केलेले पाठ्यपुस्तकाचे प्रकट वाचन. म्हणून पहिल्या एक-दोन तासिकांत मोबाइल बाहेर काढूच देऊ नये.

सुरुवात विषय अरुंद करण्यापासून करावी. ‘बाष्पीभवन’ हा पाठाचा मथळा झाला, त्यावर तीन मिनिटांचा व्हिडिओ होत नाही. ‘माठातले पाणी कळशीतल्या पाण्यापेक्षा गार का होते?’ यावर मात्र होतो, कारण त्यात पाहण्यासारखे आणि मोजण्यासारखे काहीतरी आहे. प्रत्येक गटाने आपला प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहावा, आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी काय करून पाहावे लागेल हे त्याखाली लिहावे. दुसरे वाक्य सुचत नसेल, तर प्रश्न बदलावा.

त्यानंतर चित्रीकरणाचा विचार बाजूला ठेवून प्रयोग एकदा करून पाहावा. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि बहुतेक व्हिडिओ फसतात ते येथेच. माठाचेच उदाहरण घेऊ. माठ आणि स्टीलची कळशी यांत सारखेच पाणी सारख्याच तापमानाला भरून दोन्ही भांडी एकाच सावलीत, वारा खेळता राहील अशी ठेवावी लागतात; कळशी उन्हात आणि माठ व्हरांड्यात ठेवला, तर तुलनेला अर्थ उरत नाही. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर येथे कामाचा नाही, कारण त्यावरील अंक साधारण 35 अंश सेल्सिअसपासून सुरू होतात. प्रयोगशाळेतील तापमापीच हवी. हवेत दमट‍पणा असला की माठाच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ सावकाश होते आणि फरक जेमतेम दिसतो, म्हणून हा विषय जुलैत न घेता फेब्रुवारीत घेतलेला बरा. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, त्यामुळे तो नव्या माठाइतके पाणी गार करत नाही. हे एखाद्या गटाच्या लक्षात आले, तर मूळ प्रश्नापेक्षा तोच व्हिडिओ अधिक चांगला होईल.

मग संहिता लिहावी. वहीच्या पानाचे दोन भाग करून डावीकडे काय दिसेल आणि उजवीकडे काय ऐकू येईल ते लिहायचे. जे डावीकडे दिसते तेच उजवीकडे बोलून सांगितले जात असेल, तर ते वाक्य खोडावे. ‘आता आपण माठात पाणी ओतत आहोत’ असे म्हणण्याची गरज नसते. मिनिटाला साधारण शंभर शब्द धरले, तर तीन मिनिटांना तीनशे शब्दांच्या आतच निवेदन बसते, आणि मुलांनी लिहिलेला पहिला खर्डा हमखास याच्या दुप्पट असतो. काटछाट त्यांनाच करू द्यावी. भाषा बोलीची असली तरी हरकत नाही, मात्र शास्त्रीय संज्ञा अचूक असाव्यात.

गट पाच-सहा जणांचा ठेवावा आणि कामे नावानिशी वाटावीत : निवेदन, चित्रीकरण, प्रयोगाची मांडणी, नोंदी, संकलन. बोलका मुलगा निवेदक आणि अबोल मुलगी नोंदवहीवाली, ही विभागणी आपसूक होते. ती मुद्दाम मोडावी.

चित्रीकरणाचे नियम थोडेच आहेत. मोबाइल आडवा धरावा, तिपाई नसेल तर बाकावर पुस्तकांची चळत रचून त्यावर टेकवावा, खिडकी चित्रीकरण करणाऱ्याच्या पाठीशी असावी. तापमापीची काच चमकते आणि अंक टिपले जात नाहीत, त्यामुळे वाचन मोठ्याने सांगून लगेच पाटीवर लिहावे आणि पाटीही चित्रित करावी. खरी अडचण आवाजाची असते. पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे आणि पत्र्यावरची माकडे यांच्यापुढे कोणाचेच निवेदन टिकत नाही. ते शाळा सुटल्यावर ग्रंथालयात, दुसरा मोबाइल तोंडाजवळ धरून वेगळे ध्वनिमुद्रित करावे आणि संकलनात चित्रांवर बसवावे.

संकलन पक्के होण्यापूर्वी कच्चा व्हिडिओ खालच्या वर्गाला दाखवावा आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा : माठ गार का होतो? ‘मातीमुळे’ असे उत्तर आले, तर वाफ होताना पाण्यातली उष्णता खर्च होते हा मुद्दा पोहोचलेला नाही असे समजून तेवढा भाग पुन्हा करावा. गुण देताना चकचकीतपणापेक्षा या दुरुस्तीला अधिक वजन द्यावे.

व्हिडिओ शाळेबाहेर जाणार असेल, तर परवानगीचे काम चित्रीकरणाआधीच उरकावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, आणि बालकांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. व्हिडिओ कोठे दाखवला जाईल हे संमतिपत्रात स्पष्ट लिहावे. ज्या पालकांचा नकार असेल, त्यांच्या पाल्याचे हात आणि आवाज पुरतील का हेही त्यांना विचारूनच ठरवावे. पार्श्वभूमीला चित्रपटातील गाणे लावू नये : 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील अध्यापनाची सवलत वर्गापुरती कामी येते, यूट्यूबवर ती गृहीत धरता येत नाही. तेथे व्हिडिओ टाकायचाच असेल, तर तो शाळेच्या खात्यावरून ‘मुलांसाठी’ अशी नोंद करून टाकावा, म्हणजे त्याखालील प्रतिक्रिया आपोआप बंद राहतात. मुलांच्या आणि पालकांच्या मोबाइलमध्ये राहिलेले कच्चे चित्रीकरण त्याच आठवड्यात शाळेच्या संगणकावर घेऊन मोबाइलमधून पुसून टाकावे.