मृग लागायच्या आधी: घरात, वावरात आणि रस्त्यावर करून ठेवायची तयारी

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. बियाणं, खत, डवऱ्याची दुरुस्ती ही सगळी जमवाजमव आपण मे महिन्यात करतो. जीव वाचवायची तयारीही त्याच महिन्यात उरकायला हवी, कारण काळी माती एकदा भिजली की पांदणीतून मोटारसायकलही निघत नाही. साप, फवारणी, वीज आणि पूर ही चार संकटं विदर्भातल्या गावाला दर खरिपात ठरलेली. दवाखान्याचं अंतर आपल्या हातात नाही, घरातून निघायला लागणारा वेळ मात्र आहे. गाडी कोणाची, न्यायचं कुठं, सोबत कोण, हे रात्री दोन वाजता ठरवायला बसलं की अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून सुरुवात गाडीपासून.

गावात रात्री हाक मारली तर चालू होईल अशी चारचाकी कोणाकोणाकडे आहे ते बघून दोघांशी आत्ताच बोलून ठेवा, भाड्यासकट. त्यांचे नंबर दाराजवळच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. मोबाईलमध्ये ते असतातच, पण मोबाईल नेमका जागलीवर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो आणि घरी म्हातारी आई नि लेकरं. त्याच भिंतीवर रुग्णवाहिकेचा १०८, पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, वनविभागाचा १९२६, शिवाय आशाताईंचा आणि पोलीस पाटलांचा नंबर लिहा. घरातल्या कोणत्या कोपऱ्यात किंवा कोणाच्या स्लॅबवर रेंज धरते, हे दहा वर्षांच्या पोरालाही माहीत पाहिजे.

१०८ ला फोन लागला की गाव, तालुका, जवळची खूण (पाण्याची टाकी, शाळा, फाटा) आणि पेशंटला काय झालं एवढं सांगा. गाडी गावात शिरणार नसेल तर ती डांबरी रोडवर कोणत्या फाट्यावर थांबवायची ते आधीच ठरवा आणि तिथपर्यंत पेशंट आपण न्यायचा. चिखलातून ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा बंडी निघते, त्यात गादी टाका. मोटारसायकलच असेल तर पेशंट मधे, मागे धरायला धडधाकट माणूस. पेशंटला मागे एकटं बसवू नका. मण्यारीच्या किंवा नागाच्या विषाने मान आणि हात लुळे पडतात, माणूस वाटेतच गाडीवरून कलंडतो.

मग दवाखाना. मेच्या एखाद्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सरळ विचारा: सर्पदंशाची लस किती कुप्या आहे, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, ऑक्सिजन आहे का. पहिला डोसच ८ ते १० कुप्यांचा असतो, म्हणजे दोन-तीन कुप्या असलेलं केंद्र रात्री कामाचं नाही. तसं असेल तर थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं, हे घरात पक्कं करून टाका. मण्यार-नागाच्या दंशात श्वास बंद पडला तर व्हेंटिलेटर लागतो. तो जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, सेवाग्राम इथल्या मोठ्या दवाखान्यांत. आपल्या घरून त्यातलं कोणतं जवळ आणि पावसात कोणता रस्ता बंद पडतो, ते माहीत असू द्या.

आता घर. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. उपाय स्वस्त आहे: खाट, आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. नुसती लोंबती मच्छरदाणी किंवा जमिनीला टेकलेलं पांघरूण म्हणजे सापाला चढायला शिडीच. खाटा कमी असतील तर निदान भिंतीच्या कडेला नि कोठीजवळ झोपू नका. उंदीर तिथंच फिरतात आणि साप उंदराच्या मागे येतो. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या नि कुटाराचा ढीग घरापासून निदान २०-२५ फूट लांब हलवा, भिंतीतली बिळं सिमेंटने बुजवा, न्हाणीच्या पाइपाला जाळी लावा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या असतील तर निजायच्या खोलीत ते धान्य ठेवू नका. दमट हवेत त्यातून जो वायू सुटतो त्याने झोपेतच माणसं दगावतात.

टॉर्च दोन हवेत: एक उशापाशी, एक दाराच्या खिळ्याला. वीज असेल तेव्हा चार्ज करायची सवय लावा, कारण पहिल्या वादळात लाइन गेली की रात्रभर येत नाही. वावरात गमबूट, घालण्याआधी उलटे करून झटकायचे. निंदणाला बसण्याआधी काडीने गवत हलवायचं, तुरीच्या बुडाशी एकदम हात घालायचा नाही. आणि रात्री धुऱ्याने जाताना कोणाच्याही तारेच्या कुंपणाला हात लावू नका. रानडुकरासाठी कोणी चोरून करंट सोडला असेल तर तार बघून ते कळत नाही.

सर्पदंशासाठी एक पिशवी वेगळी बांधून दारामागे टांगा. त्यात अडीच फुटांच्या दोन बांबूच्या चिपा पायासाठी, दीड फुटाच्या दोन हातासाठी, जुन्या लुगड्याच्या चार बोटं रुंद आणि दोन हात लांब अशा सहा पट्ट्या, कात्री, बॉलपेन, थोडी रोकड आणि आधार कार्डाची झेरॉक्स. दंश झाला की माणसाला आडवं करा, चालू देऊ नका. चावलेल्या हातापायातली अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, दोरा लगेच काढा किंवा कापा, सूज आली की ते निघत नाही. मोडलेल्या हाडाला बांधतात तसं चिपा लावून बांधा, पट्टीखाली एक बोट सरकलं पाहिजे. चावल्याची वेळ पेनाने हातावर लिहा. एवढ्याला पाच मिनिटं, मग गाडी.

काय करायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं, कारण घोळ तिथंच होतो. दोरीने करकचून आवळलं तर विष थांबत नाही, हातपाय मात्र काळा पडतो. आणि दवाखान्यात ते एकदम सोडलं की अडकलेलं विष एकाच वेळी अंगात जातं. कोणी आधीच आवळलं असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांना दाखवून त्यांच्यासमोर सोडू द्या. चिरा देणं नाही, चोखणं नाही, बर्फ नाही, दारू नाही, अंगदुखीची गोळी नाही. घोणसीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यात चीर दिली की रक्तस्राव आवरत नाही. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे, आणि मेलेल्या सापाचं डोकंही चावतं. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही तर सोडा. मंत्र घालणाऱ्याकडे नेलेली माणसं बरी होतात ती बहुतेक बिनविषारी साप चावलेली, हे गावात ठणकावून सांगायला पाहिजे.

मण्यारीचा दंश ओळखायला अवघड. खूण दिसत नाही, सूज नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होऊन उघडत नाहीत. लोक याला अपचन समजतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी असं झालं तर ओवा-सोडा देत बसू नका, सर्पदंशच समजून निघा. दवाखान्यात नव्या कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर घोणसीसारख्या सापाचं विष भिनलंय. मण्यारीच्या दंशात ही तपासणी चांगली येते, म्हणून तेवढ्यावर घरी परतू नका, २४ तास देखरेखीत राहा. लेकराला लस मोठ्या माणसाएवढीच लागते, कारण साप दोघांच्याही अंगात विष सारखंच सोडतो. "एवढ्या जिवाला एवढ्या कुप्या?" म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नये.

फवारणीची तयारी जुलैत करा, औषध आणायच्या आधी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो भरती झाले. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) फवारा छातीवर नि तोंडावर येतो, आणि पॉवर पंपाचे थेंब इतके बारीक की श्वासाबरोबर आत जातात. शिवाय पंप गळत असेल तर पाठीवाटेही विष अंगात जातं. पंपात आधी नुसतं पाणी भरून दाब द्या, पाठीवर कोरडं फडकं टाका, दहा मिनिटं वावरात फिरा. फडकं ओलं झालं तर झाकणाचं किंवा नळीच्या जोडाचं वायसर गेलं आहे. ते काही रुपयांचं असतं, ते न बदलता घामाने ओल्या पाठीवर दिवसभर औषध मुरत राहतं. जास्तीचं नोझल नि वायसर डब्यात ठेवा, म्हणजे नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायची वेळ येणार नाही.

मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी हे सालदाराला आणि मजुराला मालकाने द्यायचं असतं. ऑगस्टच्या उकाड्यात ते कोणी अंगावर ठेवत नाही, हेही खरं. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या आत आणि चारनंतरच फवारा, वारा पाठीशी घेऊन, झाड खांद्याच्या वर गेलं असेल तर फवारणी टाळून. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका, दुकानदाराने सांगितलं तरी नाही. धुऱ्यावर पाण्याच्या दोन बादल्या, साबण आणि बदलायचे कपडे ठेवा. हात धुतल्याशिवाय खर्रा नाही, बिडी नाही, डबा नाही. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डबा फोडण्याआधी लेबलचा मोबाईलवर फोटो घ्या, डॉक्टरांना औषधाचं शास्त्रीय नाव लागतं. उरलेलं औषध कुलपात. पाण्याच्या नाही तर दारूच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध कोणीतरी पितंच.

फवारणीनंतर डोकं दुखणं, मळमळ, घाम, लाळ, अंधुक दिसणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, छातीत घरघर, ही लक्षणं उन्हाने झाली म्हणून लिंबूपाणी देऊ नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, कुशीवर निजवा, डबा सोबत घेऊन निघा. ओकारी काढू नका, दूधही पाजू नका, ते श्वासनळीत जातं.

विजेसाठी मोबाईलमध्ये 'दामिनी' ॲप टाका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधली वीज दाखवतं. रेंज नसली तर मोजा: चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर काम सोडा, पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. झाड, मचाण, मोकळं टिनाचं शेड नको. भंडारा-गोंदियात रोवणीला बायका एका रांगेत असतात, त्यांनी पांगावं. आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन-सव्वादोन इंच दाबत राहा, हे आरोग्य केंद्रात दोघा-तिघांनी शिकून घ्या.

पुराचं थोडक्यात. गावाजवळच्या ठेंगण्या पुलाच्या दगडाला लाल पट्टा मारून घ्या, पाणी त्याच्यावर गेलं की कोणीही उतरायचं नाही. वाहतं पाणी घोट्याच्या जरा वर असलं तरी माणसाचा पाय उचलतं, गुडघ्याच्या आतच हलकी गाडी तरंगवतं. वैनगंगेकाठी आपल्याकडे ऊन असतानाही पूर येतो. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या धरणाच्या विसर्गाने तसं झालं. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप आला की पाण्याच्या मोटारी नि जनावरं त्याच तासात वर काढा. रस्ता तुटणाऱ्या गावांत बीपी, साखर, फिट्सच्या गोळ्या १५ दिवसांच्या ठेवा. गडचिरोलीसारख्या भागात दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत) नेऊन ठेवा.

शेवटी कागद. सातबारा, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स जाड प्लास्टिकच्या पिशवीत. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० रुपये मेअखेर खात्यातून कटतात, खातं रिकामं असलं की २ लाखांचं संरक्षण जातं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत १० ते ७५ वयाच्या शेतकरी कुटुंबातल्या माणसाच्या मृत्यूला २ लाख मिळतात. त्यात साप, वीज आणि फवारणीची विषबाधाही बसते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा, सोबत पंचनामा नि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. घाईने परस्पर अंत्यविधी उरकला की तो कागद नंतर तयार करता येत नाही.